धाकटीच्या जागेवरची वाटी

४ मार्च, मंगळवार

प्रिय धाकटे,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेज तुझ्यापर्यंत पोहोचतच नाहीत, तेव्हा पत्र. पत्राचं एक बरं असतं. ते न वाचता फाडता येतं, आणि फाडलंस हे मला कधी कळणार नाही. दोघींचीही सोय.

विशेष काही नाही. आई बरी आहे. मीही. प्रयोगशाळेत काम वाढलंय. उन्हाळा तोंडावर आला की पाण्याचे नमुने भराभर यायला लागतात आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत जेवणाचा विचार करायचंही त्राण उरत नाही. म्हणून बाबांच्या वेळची पद्धत पुन्हा सुरू केलीय. सुट्टीच्या दिवशी पातेलंभर मसूर शिजवून ठेवायचे, तेच कधी भाताबरोबर, कधी पावाबरोबर पुरवायचे. रोज बदलायचं ते फक्त तोंडी लावणं. आणि ते अजून आईच करते.

गॅसजवळ मात्र मी तिला जाऊ देत नाही. मध्यंतरी एक पातेलं विसरलं गेलं होतं, काही झालं नाही, पण तेव्हापासून विस्तवाशिवाय होईल तेवढंच तिच्याकडे. तरी तिचा हात चालतो. गाजर किसून त्यावर लिंबू, मीठ, चिमूटभर साखर आणि मी आधीच भाजून ठेवलेले तीळ. बीट मी उकडून देते, ती काप करून त्यावर कांदा आणि मिरपूड घालते. कोबी इतका बारीक चिरते की कुणाला वाटावं यंत्राने केलाय. सगळं कशाहीबरोबर चालतं, आणि उरलं तर सकाळी पावात घालून मी डब्यात नेते. तू एकटी कमावती, घरी येऊन पुन्हा लेकीचं, पिल्लूचं करणारी. तुलाही अशा गोष्टी उपयोगी पडतील म्हणून लिहिते आहे.

हे खरं कारण नाही. खरं कारण असं की आई रोज एक वाटी तुझ्या जागेवर ठेवते.

मी यात पडत नाही. फक्त कळवते आहे.

तुझी ताई


१३ मार्च, गुरुवार

प्रिय धाकटे,

मागचं पत्र लिहून झाल्यावर रोजनिशी लिहायला बसले आणि लक्षात आलं, रोजनिशीत मी जे लिहिलं ते पत्रात नव्हतं. ‘आई बरी आहे’ हे खोटं आहे. तिचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांना बोलावून घ्या, नंतर हळहळ नको. आणि तिची आठवणही तुटतुटून जायला लागलीय. सकाळी मला ‘अहो बाई’ म्हणाली. दुपारी पुन्हा थोरली झाले.

वाटीचं मात्र ती विसरत नाही.

आपल्या घरात माफी कुणी तोंडाने मागितलेली मला आठवत नाही. तुला आठवते? बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दिवसभर गिऱ्हाइकांचे वाद ऐकून आलेल्या माणसाला घरात वाद नको असायचा. म्हणायचे, शब्दाने शब्द वाढतो, वाटीने वाढत नाही. ज्याची चूक त्याने त्या संध्याकाळचं तोंडी लावणं करायचं आणि ज्याला दुखावलं त्याच्यासमोर ठेवायचं. त्याने खाल्लं की विषय संपला, पुन्हा उकरायचा नाही. नाही खाल्लं तर नाही. जबरदस्ती नव्हती. तू एकदा माझ्या वाट्या आठवडाभर तशाच परतवल्या होत्यास, आणि मी रोज नवी करत होते. शेवटी साखर घातलेला टोमॅटो खाल्लास, तोही नाक मुरडून. बाबांना तर व्हिनेगरमधल्या कांद्याशिवाय काही येत नव्हतं. आई वाटीकडे बघून डोळे पुसायची आणि म्हणायची, हे कांद्याने आलंय, तुम्ही उगाच खूश होऊ नका.

आणखी एक नियम होता. ज्याच्यासाठी केलंय त्यानेच खायचं. दुसऱ्या कुणी वाटीला हात लावायचा नाही. म्हणून आपण वाटी वाया गेली तरी चालवून घ्यायचो, एरवी पावाचा तुकडा टाकला तरी ओरडा बसणारं आपलं घर.

पिल्लूला ताप आला तेव्हा आईने जे केलं ते मी तुझ्यासमोर पुन्हा मांडणार नाही. तू ते माझ्यापेक्षा जास्त वेळा मांडलं असशील. तू प्रशिक्षणाला गेलेली, पोर तिच्यावर सोपवलेलं. ती ओल्या पट्ट्या ठेवत राहिली, पोर झोपलं, तिला वाटलं उतरला, उठवून दवाखान्यात कशाला न्यायचं, सकाळी बघू. सकाळपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, जीव वाचला, कान गेले. मी त्या आठवड्यात कामासाठी बाहेरगावी होते. घरी असते तर उठवून नेलं असतं का? मी स्वतःला ‘हो’ म्हणू शकत नाही. झोपलेलं पोर उठवायचं जिवावर येतं.

पण ही माझी बाजू झाली. तिची बाजू एवढीच आहे, ती वाटी ठेवते. आणि या आठवड्यापासून नवीन काढलंय. तू खाल्ल्याशिवाय ती जेवत नाही. ताट समोर घेऊन बसते, तुझ्या खुर्चीकडे बघते, मग ताट सरकवते. काल मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, ‘तिची वाटी भरलेली, आणि मी जेवू?’

तू आलीस तर बरं होईल. नुसती जेवणाच्या वेळेपुरती. मी यात पडत नाही असं लिहिलं होतं. पडते आहे.

तुझी ताई


२४ मार्च, सोमवार

प्रिय धाकटे,

घाईत लिहिते आहे. आई आता जेवते. चांगली जेवते. पेज नको म्हणते, पाव मागते. खालच्या शिलाईवाल्या काकू परवा वर आल्या होत्या, म्हणाल्या, म्हातारीच्या तोंडावर तेज आलंय, औषध बदललं का? मी म्हटलं, हो, बदललं.

तुला यायची घाई करायची गरज नाही. तुझी नोकरी, पिल्लूची शाळा, मला कळतं. मागच्या पत्राचा तुला त्रास झाला असेल तर ते मनावर घेऊ नकोस.

भोपळा करून बघ. जाड फोडी, थोडं तेल, मीठ, आणि कडा करपेपर्यंत भाजायच्या. लक्ष द्यावं लागत नाही, तोवर बाकीचं आवरतं. फरसबीही तशीच, वाफवायची आणि तेलात लाल केलेला लसूण वरून ओतायचा. या दोन्ही मी करते हल्ली. आईने तोंडी लावणं करायचं बंद केलंय. म्हणते, आता कशाला?

ती गुणगुणते. पिल्लूला झोपवताना म्हणायची तेच, पावसाला घर नाही, चिमणीला दार नाही. शब्द निम्मेच उरलेत, पण चाल नीट आहे.

तुझी ताई


९ एप्रिल, बुधवार

धाकटे,

आता काय झालं ते मी पूर्ण सांगते. तुला अर्धं माहीत आहे आणि त्या अर्ध्यावरून तू जे समजलीस ते आईबद्दल खरं नाही. ते माझ्याबद्दल खरं आहे.

तुझी वाटी मी खाल्ली.

आई जेवेना झाली तेव्हाची गोष्ट. त्या संध्याकाळी काकडी होती, दह्यातली. मीठ लावून पिळायची ती विसरली होती, त्यामुळे वाटीत सगळं पाणीच पाणी झालं होतं. ती चष्मा आणायला आत गेली. मी तुझ्या खुर्चीमागे उभी राहिले आणि उभ्याउभ्याच चार घासांत वाटी संपवली. वाटलं होतं, नुसती रिकामी वाटी दिसेल, ती स्वतःच काहीतरी समजेल, मला तोंड उघडावं लागणार नाही. बघ, कसा विचार केला होता मी. खोटं बोलायचं नाही, फक्त खोट्याला जागा करून द्यायची.

ती बाहेर आली. वाटी उचलून तिने आत बघितलं.

‘येऊन गेली?’

मी हो म्हटलं.

‘थांबली का नाही?’

‘घाईत होती.’

मग ती बसली आणि जेवली. पातेल्यातलं आणखी वाढून घेतलं. मी तिच्या हाताकडे बघत होते, तो घासामागून घास उचलत होता. मला आनंद झाला, हे लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. प्रयोगशाळेत आम्ही एखादी बाटली हाताळताना चुकलो की तो नमुना फेकून देतो, कितीही स्वच्छ दिसत असला तरी. मी तो ठेवला, कारण तो स्वच्छ दिसत होता.

पुढचं मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं, म्हणून ते मला आधी दिसलंच नाही. घरचा नियम आठव. वाटी रिकामी, विषय संपला. तिने नियम पाळला. विषय इतका संपवला की तिच्या आठवणीतून ताप गेला, ती सकाळ गेली, पिल्लूचे कानही गेले, म्हणजे कान गेल्याचंच गेलं. गाणं तेवढं राहिलं.

आणि तुला फोन आला त्या दिवशी मी कामावर असताना ती जिने उतरून काकूंकडे गेली. काकूंनी मला नंतर सगळं सांगितलं, हातातली कात्री खाली न ठेवता. ‘म्हातारी म्हणाली, धाकटीला फोन लाव, आमचं मिटलंय. मी म्हटलं, मिटलं असेल बाई, देव पावला. मिटलेलं कोण कशाला उकरेल? नंबर होता माझ्याकडे, पोरीच्या फ्रॉकच्या मापांसाठी घेतलेला. तू आपली दिवसभर पाणी तपासत बसतेस, घरात काय वाहतंय ते आम्हाला कोण सांगणार?’

तू अनोळखी नंबर म्हणून उचललास. आईने तुला काय म्हटलं ते तुला माहीत आहे. खाल्लंस ते बरं केलंस, आता पिल्लूला फोन दे, तिला गाणं म्हणून दाखवते. आणि तू काही बोलायच्या आत तिने म्हणायला सुरुवात केली. तुला वाटलं असेल ती चिडवते आहे, किंवा तिला काहीच वाटत नाही. कुणालाही तसंच वाटलं असतं.

तू म्हणालीस, ‘आई, तिला ऐकू येत नाही. का येत नाही, ते तुला माहीत आहे.’ आणि ठेवलास.

तू ठेवल्यानंतरचं तुला माहीत नाही. आईने काकूंना विचारलं, ‘कुणाला ऐकू येत नाही?’

काकूंनी सांगून टाकलं. त्यांची चूक नाही, विचारल्यावर माणूस सांगणारच. मी घरी आले तेव्हा आई तुझ्या खुर्चीत बसली होती, दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून. माणूस एकच बातमी दोनदा पहिल्यांदा ऐकू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

तिने विचारलं, ‘मग वाटी कुणी खाल्ली?’

‘मी.’

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. म्हणाली, ‘भूक लागली होती का तुला?’

ताई


२२ एप्रिल, मंगळवार

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट आलं. आत एकच ओळ. ‘ती वाटी तुझी नव्हती.’

खरं आहे. मी बचाव करणार नाही. कसं का होईना, तुझं अक्षर घरात आलं एवढ्यावरही मी समाधान मानून घेतलं, हेही सांगून टाकते. ओळ आईला दाखवली नाही. दाखवायला हवी होती का, याचा रोज विचार करते आणि रोज वेगळ्या उत्तराला पोहोचते.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळं विसरली होती. काकूंकडे जाणं, फोन, तू. मला वाटलं सुटली. पण संध्याकाळी किसणी घेऊन बसली. मी विचारलं, कशाला करतेस?

‘कुणीतरी रागावलंय,’ ती म्हणाली.

‘कोण?’

किसणीवर हात चालूच होता, गाजर संपून बोटापर्यंत आलं तरी. ‘ते आठवत नाही ग. पण रागावलंय. मोठं काहीतरी झालंय माझ्याकडून.’

डॉक्टरांना विचारलं, हे कसं? तपशील जातात आणि डाग राहतो? ते म्हणाले, होतं असं, भावना मागे राहते. मग शांतपणे कागदावर औषधं लिहायला लागले. मी दवाखान्यातून चालत घरी आले. वाटेत भाजीवाल्याकडे थांबले, काय हवं ते आठवेना. तो म्हणाला, रोजचंच देऊ का? मी म्हटलं, दे.

आधी एक वाटी होती. आता ती चार-पाच करते. कुणासाठी ते ठाऊक नाही म्हणून सगळ्यांसाठी. एक तुझ्या जागेवर, एक बाबांच्या, एक माझ्यासमोर, एक खिडकीत. बाबा असते तर म्हणाले असते, नाकापेक्षा मोती जड झाला, जेवण कुठाय? टेबलभर तोंडी लावणी आणि मध्ये मसुरांचं थंड पातेलं. माझ्यासमोरची मी खाते. तीही खावी का, असा प्रश्न मला पडतो. तिने माझं काय बिघडवलंय? पण नाही खाल्ली तर ती माझ्याकडे बघत राहते.

बाकीच्यांना मी हात लावत नाही. सकाळी टाकून देते. आंबलेल्या दह्याचा वास ओट्यावरून जात नाही.

ती आता पुन्हा जेवत नाही. थोडी पेज, चमच्याने. डॉक्टर आता पुढच्या तपासणीची तारीख देत नाहीत.

ताई


७ मे, बुधवार

प्रिय धाकटे,

हे बहुतेक वाटीबद्दलचं शेवटचं पत्र.

आईच्याने उठवत नाही. कालपासून पलंगावरच. आज संध्याकाळी मात्र तिने मला काकडी, सुरी आणि ताट मागितलं. मी उशी मागे लावून तिला बसवली आणि मांडीवर ताट ठेवलं. काप जाड झाले, एकाला साल, एकाला नाही. पण मीठ लावलं. लावून ताट तिरकं धरून बसली, पाणी निथळायला. मला म्हणाली, घाई करायची नाही, नाहीतर सगळं पाणीच होतं. मग मुठीत पिळली. मुठीत जोर नव्हता, म्हणून दोन्ही हातांनी. दही मी घातलं, कारण डबा तिला उघडेना.

वाटी तयार झाल्यावर तिने ती माझ्यासमोर धरली. माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी कित्येक आठवड्यांत बघितला नव्हता.

‘आलीस धाकटे,’ ती म्हणाली. ‘खा. मी त्याला उठवायला हवं होतं. त्या पोराला. झोपलंय म्हणून ठेवलं मी.’

तिला आठवलं होतं. पोरगी की पोरगा ते हुकलं, पण झोपलेलं पोर, न उठवणं, सगळं. आणि तिने तोंडाने म्हटलं. आपल्या घरात तोंडाने म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

चमचा माझ्या हातात होता. मी खाल्लं असतं तर तिला कधीच कळलं नसतं, तुलाही नाही. मी स्वतःला सगळी कारणं दिली. ती मरते आहे. एक घास. खोटं तिच्यापुरतं, आणि तिच्याबरोबर संपणारं. कुठल्याही शहाण्या माणसाने खाल्लं असतं. तू लिहिलेली ओळही मला आठवली, पण खरं सांगायचं तर मी थांबले ते तुझ्या ओळीमुळे नाही. मागच्या वेळी माझ्या त्या घासाने तिचं अपराधीपण गेलं नव्हतं, फक्त ते कशाचं ते गेलं होतं, आणि तो भार ती तसाच, नाव नसलेला, वाहत राहिली होती. आता कुठे तिला नाव सापडलं होतं. ते मी पुन्हा कसं काढून घेऊ?

मी म्हटलं, ‘आई, मी थोरली.’

तिने डोळे बारीक केले. मग वाटी हळूच मागे ओढून घेतली.

‘मग ही तुझी नाही,’ ती म्हणाली.

तिने ताटली मागितली, वाटीवर झाकली, आणि दोन्ही हात झाकणावर ठेवून दाराकडे तोंड करून पडून राहिली. अजून तशीच आहे. मी शेजारच्या खुर्चीत बसून लिहिते आहे. मी बरोबर केलं का, ते मला माहीत नाही. तिचा चेहरा पुन्हा मिटला, एवढं दिसतं.

तू येणार नाहीस, हे मी धरून चालले आहे. विनंती करत नाही. पिल्लूच्या कानांपुढे माझ्या विनंतीला काय किंमत आहे? पण वाटी इथे झाकून ठेवलीय आणि ती तुझ्यापर्यंत पोहोचवायचा मला एकच मार्ग दिसतो, म्हणून लिहिते. काकडी सोलून पातळ काप कर. मीठ लाव, ताट तिरकं ठेव, पाणी निथळू दे, मग पिळ. दही, मिरपूड, असला तर पुदिना. भाताबरोबर, पावाबरोबर, नुसतीही चालते. कामावरून आल्यावर करण्याइतकी सोपी आहे. आईने जशी केली तशीच आहे, मी काही बदललेलं नाही.

खाल्लीस, तर एक ओळ लिही. ती असेपर्यंत आली तर वाचून दाखवीन, नंतर आली तरीही वाचीन. नाही खाल्लीस तर काही लिहू नकोस, मी समजेन, आणि तुझ्यावर रागावणार नाही. फक्त एक कर. खाल्ली नसताना, म्हातारीला बरं वाटावं म्हणून, खाल्ली असं लिहू नकोस. ते या घरात एकदा झालंय.

तुझी
ताई